गेम आर्टच्या मास्टर्ससाठी दोन एकर विकावेत का?

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळच्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: "जळगावात बीएफए झालं. दीड वर्षापासून घरी बसून ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि अनरियल (गेम इंजिन) शिकतोय, एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट, म्हणजे गेममधल्या जागा आणि वस्तू घडवणारा, व्हायचंय. पुण्यात दोन-तीन स्टुडिओंत अर्ज केले, कुठूनच उत्तर नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं गेम आर्टच्या एमएफएसाठी (कलेतल्या मास्टर्ससाठी) प्रवेशपत्र आलंय. दोन वर्षांचा सगळा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. नाना म्हणतात, बँकेचं कर्ज काढू, नाही मिळालं तर दोन एकर विकू, पण तू जा. ताई, जाऊ का?" सोबत त्यानं पोर्टफोलिओ पाठवला आहे.

यंदा जाऊ नकोस. विद्यापीठाला ईमेल करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का ते विचार, बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते. त्यांनी नाही म्हटलं तरी माझं उत्तर बदलत नाही. मास्टर्स वाईट म्हणून मी हे सांगत नाही. माझ्या टीममध्ये बाहेरून मास्टर्स करून आलेले लोक आहेत, त्यांतले दोघं-तिघं फार उत्तम काम करतात. पण ते गेले तेव्हा त्यांचा हात तयार होता. तुझा अजून व्हायचाय, आणि तो तयार करायला पन्नास लाख लागत नाहीत.

मी भुसावळची. बरीच वर्षं पुण्यात एन्व्हायर्नमेंट आर्ट करतेय, आता नवीन मुलांचे पोर्टफोलिओ तपासणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. तुला उत्तर का आलं नसेल, ते त्या बाजूनं सांगते.

अर्ज आला की आधी आम्ही लिंक उघडतो. बायोडेटा नंतर, तोही लिंक आवडली तरच. पहिल्या पानावरची चार-सहा चित्रं बघायला मिनिट-दीड मिनिट जातं. तेवढ्यात वाटलं की या माणसाला सोमवारी एक साधी वस्तू करायला दिली तर शुक्रवारी ती गेममध्ये लावण्याजोगी मिळेल, तर मग वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलची रेघांची जाळी बघतो, यूव्ही (टेक्स्चर चढवायला सपाट केलेला पृष्ठभाग) कशा उलगडल्यात ते बघतो, टेक्स्चरच्या, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्राच्या शीटवर किती जागा वाया गेलीय ते बघतो. त्यानंतर आर्ट टेस्ट: एक रेफरन्स, काही दिवसांची मुदत, पॉलिगॉनचं (मॉडेल ज्या सपाट तुकड्यांनी बनतं त्यांचं) ठरलेलं बजेट. त्यात पास झालास तर मुलाखत. या सगळ्यात पदवीचा विषय निघतो तो शेवटी एचआरच्या फॉर्मवर. ज्युनियर आर्टिस्ट घेताना "मास्टर्स आहे का" हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारलेला नाही, माझ्यासमोर दुसऱ्या कुणी विचारलेलाही मला आठवत नाही.

आता तुझा पोर्टफोलिओ. एक तलवार, एक लाकडी पिंप, एक जपानी गल्ली. तिन्ही कामं नीट आहेत, आळस कुठेही दिसत नाही. पण ही तिन्ही यूट्यूबवरच्या धड्यांतून आली आहेत हे मला पहिल्या नजरेत कळलं, कारण तीच गल्ली, तोच निऑनचा बोर्ड, तोच ओला रस्ता माझ्याकडे सतत येतो. धडा संपतो तिथे तुझं काम थांबतं. गल्लीतल्या दरवाज्याची कड सुरीसारखी धारदार राहिलीय, तिला बेव्हल (कडेचा बारीक उतार) नाही, त्यामुळे उजेड तिच्यावर अडकतच नाही. पिंपाचं लाकूड आणि त्यावरची लोखंडी पट्टी, दोन्हींची चमक सारखीच आहे. रफनेसच्या मॅपमध्ये (कुठे चमक, कुठे खरखरीतपणा ते सांगणाऱ्या चित्रात) तू फक्त एक आकडा भरलायस, तिथे काही रंगवलेलं नाही. शिवाय भिंतीवरची वीट स्वच्छ रेखीव दिसते आणि तिच्या शेजारची पायरी धूसर. टेक्सेल डेन्सिटी जुळत नाही. अंतर ठरवून एका मीटरला ५१२ किंवा १०२४ पिक्सेल धरायचे आणि अख्ख्या सीनमध्ये ते पाळायचे, हे कुणी शेजारी बसून दाखवलं तर एका दुपारीत समजतं. तुझ्या शेजारी बसायला कुणी नव्हतं, एवढीच यातली अडचण.

ही अडचण मास्टर्सला गेल्यावर सुटते, हे खरंच आहे. चांगला मास्टर्स मुख्यतः माणसं देतो: रोज तुझं काम बघणारे शिक्षक, तुझ्याइतकेच वेडे दहा-पंधरा सोबती, आणि प्रोग्रामर-डिझायनरसोबत मिळून एक गेम शेवटपर्यंत नेण्याचा अनुभव. दुसरी गोष्ट तो देतो ती कागद, म्हणजे व्हिसा आणि पुढे शिकवायचं असेल तर त्यासाठी लागणारी पदवी. हात मात्र तो देत नाही. जो कच्चा हात घेऊन जातो त्याचं पहिलं वर्ष सॉफ्टवेअर आणि मूलभूत गोष्टींत जातं. दुसऱ्या वर्षी तो ग्रुप प्रोजेक्टमध्ये मागे पडतो, आणि ज्या माणसांसाठी एवढे पैसे मोजले त्यांच्यासमोर दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. ज्याचा हात तयार असतो त्याला त्याच दोन वर्षांत तेच शिक्षक दहा पट देऊन जातात. प्रवेश एक वर्ष पुढे ढकल म्हणते ते याचसाठी.

या वर्षात करायचं काय? दहा छोटी कामं करू नकोस. एकच सीन कर, पण असा कर की तो तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमला नसता. जपान सोड. तुझ्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत केळीचं पॅकिंग शेड असणारच. ते कर.

हे मी गावाच्या प्रेमापोटी सांगत नाही (प्रेम आहेच). त्या शेडमध्ये एन्व्हायर्नमेंट आर्टचे जवळपास सगळे अवघड प्रश्न एका छताखाली आहेत. बाहेर मे महिन्याचं रावेर-सावद्याचं ऊन, आत पत्र्याखालचा अंधार. एवढा फरक एका फ्रेममध्ये बसवताना एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) कुठे धरायचं हे तुला ठरवावं लागेल. अनरियलचं ऑटो एक्स्पोजर चालू ठेवलंस तर ते तुझ्याऐवजी निर्णय घेईल, म्हणून ते आधी बंद कर. एका बाजूला हिरवं शेडनेट असेल, त्यातून गाळून आलेला उजेड खालच्या कोब्यावर आणि माणसांच्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरवट पडतो. तो हिरवट उजेड जमला की निम्मा सीन जमला. पाण्याच्या टाक्यांत तुरटीच्या पाण्यात फण्या तरंगतात: पारदर्शक पाणी, त्याखाली ओली केळी, वर फेसाची पातळ रेघ. मग चीक. केळीचा चीक वाळला की तपकिरी-काळा होतो, कपड्यावरून निघत नाही, केळी भरायच्या प्लॅस्टिकच्या कॅरेटच्या कडांना आणि टाकीच्या काठावर त्याचे थर बसतात. हा डाग जुन्या प्लॅस्टिकपेक्षा वेगळा चमकतो. रफनेस मॅप रंगवणं म्हणजे काय, हे तुला कुठल्याही धड्यापेक्षा त्या कॅरेटवरून नीट कळेल. एक कॅरेट घरी आण, टेबलावर ठेव, खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघ. कुठे घासलंय, कुठे हात लागून गुळगुळीत झालंय, कुठे चीक साचलाय. मग रंगव.

शेडचा सांगाडा मॉड्युलर कर. लोखंडी अँगल, पत्र्याची शीट, खांब, कोब्याची कड, एवढ्या चार-सहा तुकड्यांतून अख्खं शेड उभं राहिलं पाहिजे. सगळ्या कडांसाठी एकच ट्रिम शीट: एका २०४८ पिक्सेलच्या टेक्स्चरवर अँगलची कड, गंजलेली पट्टी, सिमेंटचा काठ, लाकडाची फळी अशा आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक तुकडा त्यांतूनच आपली पट्टी घेतो. असं केलंस की आर्ट लीडला (आर्ट टीमच्या प्रमुखाला) लगेच कळतं, या मुलाला मेमरी वाचवता येते. चित्र सुंदर काढणारे पुष्कळ येतात. तेच चित्र फोनवर किंवा जुन्या कन्सोलवर चालेल असं करणारे कमी.

सगळ्यात अवघड काम शेडमागच्या बागेचं, त्यासाठी महिनाभर राखून ठेव. केळीचं पान मोठं असतं, वाऱ्यानं शिरेपर्यंत फाटतं, मागून ऊन आलं की पोपटी पेटतं. पानाला दोन्ही बाजूंनी उजेड घेणारं फोलिएज (झाडपाल्याचं) मटेरियल लागेल. फाटलेल्या कडांसाठी अल्फा (पारदर्शकतेचा मॅप) वापरलास तर एकावर एक पारदर्शक थर चढून ओव्हरड्रॉ, म्हणजे तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवणं, वाढतो आणि फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळतो. म्हणून जास्तीत जास्त फाटकेपणा भूमितीतच काप, अल्फा फक्त टोकांना ठेव. खोडाला लटकलेली वाळकी पानं, बुंध्याशी फुटलेली पिलं, घडांवरच्या निळ्या स्कर्टिंग बॅगा, दोन ओळींमधल्या ठिबकच्या नळ्या. नवतीचा (नव्या लागवडीचा) बाग आणि पिलबाग (जुन्या बुंध्याच्या पिलांवर धरलेला) यांतला फरक तुला झोपेतही सांगता येतो. कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही आर्टिस्टला तो इंटरनेटवर शोधून सापडणार नाही. बाग एकाच झाडाच्या शंभर कॉप्या लावून करू नकोस. तीन वयांची तीन झाडं कर, फिरव, लहान-मोठी कर, आणि मग बघ किती कमी झाडांत बाग भरल्यासारखा वाटतो.

आपल्या गावाचा सीन परदेशी स्टुडिओला काय कळणार, ही शंका तुझ्या मनात असेल. कॅरेट, पत्रा, पाणी, पान, ऊन हे सगळ्या जगाला कळतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओनं राजस्थानी वास्तूंचा अभ्यास करून 'राजी' हा गेम उभा केला, तो २०२० मध्ये आला आणि बाहेरच्या लोकांनाही त्यातलं वास्तूंचं काम भावलं.

जमलं तर एकदा चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघून ये, स्टेशनच्या जवळच आहे. मूस (१९१२ ते १९८९) लंडनला शिकून आले आणि जन्मभर चाळीसगावच्या बंगल्यात राहून काम केलं. त्यांची टेबलटॉप छायाचित्रं बघ: घरातल्या साध्या वस्तू टेबलावर रचून, उजेड देऊन उभे केलेले देखावे, आणि बघणाऱ्याला ते खरेखुरे डोंगर-दऱ्या वाटतात. प्रमाण, धूसरता, एका बाजूनं येणारा उजेड, आपण इंजिनमध्ये करतो तेच सगळं. मी टीममधल्या नव्या मुलांना ती चित्रं दाखवते आणि उजेड कुठून आलाय ते ओळखायला सांगते. बाहेर जाऊन शिकणं आणि गावात बसून काम करणं ही दोन टोकं नाहीत, हेही तिथं गेल्यावर दिसेल.

शेजारी बसणारं माणूस या वर्षात कुठून आणायचं? ऑनलाइन मेंटरशिप घे. चालू स्टुडिओत काम करणारे आर्टिस्ट आठ-दहा आठवड्यांचे कोर्स घेतात, दर आठवड्याला तुझ्या फाइलवर रेघा मारून चुका दाखवतात. बऱ्यापैकी कोर्सला पाऊण लाखाच्या आसपास जातात. वर्षात असे दोन केलेस तरी चालेल. संगणक हा दुसरा खर्च. १२ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड असलेली मशीन लाख-सव्वा लाखात बसते, आणि आपल्याकडे यूपीएस घेतल्याशिवाय ती चालू करू नकोस. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत दुपारी बेकिंग-रेंडरिंग (मशीनला तासन्‌तास राबवणारं काम) लावून मशीन जाळू नकोस, ते रात्री लाव. ब्लेंडर फुकट आहे. अनरियल शिकायला फुकट आहे, गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली तरच ५ टक्के रॉयल्टी द्यावी लागते. थोडक्यात, सगळं धरून तीन लाखांत हे वर्ष होतं.

आता पैशांचं बोलू, कारण नाना तुला स्पष्ट बोलणार नाहीत आणि तूही त्यांना विचारणार नाहीस.

समज, ४० लाखांचं कर्ज, १०.५ टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. हप्ता महिन्याला साधारण ५४ हजार. शिकत असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पूर्ण रक्कम उचलल्यावर वर्षाला ४ लाख २० हजार व्याज चढतं, आणि ते भरलं नाही तर मुद्दलात मिळून हप्ता ६० हजारांच्या वर जातो. आपल्याकडे ज्युनियर आर्टिस्टचा पगार, माझ्या पाहण्यात, महिन्याला २० ते ३५ हजार. म्हणजे हे कर्ज तिथे नोकरी लागून टिकली तरच फिटतं. परत यावं लागलं तर तुझा सगळा पगार देऊनही हप्ता पुरा होत नाही, उरलेला केळीच्या पट्टीतून (विक्रीच्या पैशातून) जाणार, आणि केळीचा भाव कसा असतो ते मी तुला सांगायला नको.

तारणाचीही गोष्ट आहे. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. शेतजमीन मात्र बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला धरत नाहीत, कारण सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नाही. त्यांना घर किंवा बिगरशेती प्लॉट हवा असतो. म्हणून "बँकेनं नाही दिलं तर" हे नानांचं वाक्य बहुधा खरं ठरणार आणि गोष्ट विक्रीवरच येणार. विहिरीचं पाणी आणि पाइपलाइन असलेली जमीन एकदा गेली की त्या भावात पुन्हा घेता येत नाही. हा हिशोब नानांसमोर कागदावर मांड, आणि निर्णय दोघं मिळून घ्या. आईलाही बसव.

शिष्यवृत्तीचं जरूर बघ. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग अशा वेगवेगळ्या विभागांतून मिळतात, पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. निव्वळ कला शिकवणाऱ्या नावाजलेल्या संस्था त्या यादीत बहुतेक वेळा सापडत नाहीत. तुझं विद्यापीठ बसतं का ते आधी तपास, फॉर्म नंतर भर.

व्हिसाबद्दल विद्यापीठाचं माहितीपत्रक जे एका ओळीत सांगतं ते नीट समजून घे. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिक्षण संपल्यावर १२ महिने काम करायची परवानगी मिळते, आणि त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. आणखी २४ महिने मिळतात ते अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तरच. गेम आर्टच्या बऱ्याच एमएफए त्या यादीत नसतात. अभ्यासक्रमाचं नाव काहीही असो, त्याचा सरकारी कोड विचार. पुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी राखीव, आणि अर्ज जास्त असल्यानं निवड लॉटरीनं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीसाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, ते लागू असेल तोवर एकदा परत आलास की पुन्हा तिथं जाणं जवळजवळ बंद. इंग्लंडचा मास्टर्स एका वर्षात होतो म्हणून स्वस्त पडतो, पण जुलै २०२५ पासून तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना थोडी सूट असली तरी ज्युनियर आर्टिस्टचा पगार तिथवर सहसा जात नाही.

आणि धंद्याची हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये एपिकनं (अनरियलची कंपनी) ८३० लोक काढले. जानेवारी २०२४ या एका महिन्यात मायक्रोसॉफ्टनं गेमिंगमधले १,९००, युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीनं १,८००, रायट या गेम कंपनीनं ५३०. फेब्रुवारीत सोनीनं ९००. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्स कंपनी कोसळली, तेव्हा भारतातल्या कितीतरी आर्टिस्टांची नोकरी गेली. या लोकांत दहा-दहा वर्षांचे अनुभवी आहेत आणि ज्युनियरच्या जागेलाही तेच अर्ज करतात. तुला घाबरवत नाहीये मी. एवढंच लक्षात घे की पदवी हातात घेऊन तू ज्या दारात उभा राहशील तिथे पुढे अशी रांग असेल, आणि त्या रांगेत पोर्टफोलिओच बोलतो. एआयबद्दल तू विचारलं नाहीस तरी सांगते: कन्सेप्ट आर्टच्या नवख्या जागांवर त्याचा दाब आलाय. थ्रीडीत, विशेषतः इंजिनमध्ये नीट बसवायच्या कामात, तो अजून तेवढा नाही.

आपल्याकडे काम नाही असं समजू नकोस. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, सुमो आहे, लक्ष्य डिजिटल आहे. बंगळुरातला १९९७ चा ध्रुव इंटरॅक्टिव्ह २०१९ मध्ये रॉकस्टारनं घेतला. यातलं बरंच काम परदेशी गेमसाठीचं असतं. म्हणजे ज्या गेमवर काम करायला तुला अमेरिकेत जायचंय, त्याचे दगड, भिंती आणि झाडं कदाचित बाणेर-बालेवाडीत बनत असतील. इथे दोन-तीन वर्षं काम केलंस, एखाद्या प्रसिद्ध झालेल्या गेमच्या श्रेयनामावलीत नाव आलं, की बाहेरचा स्टुडिओ तुला थेट नोकरीवर बोलावू शकतो. माझे काही सहकारी असेच कॅनडा आणि युरोपात गेले. त्यात कर्ज नसतं, उलट जाण्याचा खर्च कंपनी करते.

मग मास्टर्सला जावं कुणी? एक, ज्याला शिकवायचंय त्यानं. एमएफए ही अमेरिकेत कलेतली शेवटची पदवी मानतात. आपल्याकडेही कॉलेजात शिकवायला मास्टर्स आणि नेट किंवा सेट लागते. दोन, ज्याला टेक्निकल आर्टकडे वळायचंय, म्हणजे शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा कोड), टूल्स, पायथन, आर्टिस्ट आणि प्रोग्रामर यांच्यामधला दुवा. हे घरी एकट्यानं शिकणं फार जड जातं, ते टीममध्येच येतं, आणि त्याला मागणी टिकून आहे. तीन, ज्याला गेम डिझाइन किंवा संशोधन करायचंय. ते करायला देशाबाहेर जायचीही गरज नाही. एनआयडीच्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनमधलं मास्टर्स) आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात सीड या प्रवेश परीक्षेतून अ‍ॅनिमेशनचं एम.डेस. करता येतं. मुंबईत २०२५ मध्ये याच क्षेत्रासाठी आयआयसीटी ही नवी संस्था सुरू झाली आहे, तिच्यावर लक्ष ठेव. फक्त हे समजून जा की एम.डेस.मध्ये विचार करायला शिकवतात, ट्रिम शीट नाही. तुला वाटेल ते कमी आहे, तसं नाही, पण तुझी आजची भूक ती नाही.

वर्षानंतर अमेरिकेलाच जायचं ठरलं, तर जागा निवडताना संस्थेचं नाव बघू नकोस, तिथे काम कसं चालतं ते बघ. ऑर्लँडोतलं फिया, टेक्सासमधलं एसएमयू गिल्डहॉल, यूटा विद्यापीठ, अशा ठिकाणी आर्टिस्ट, प्रोग्रामर आणि प्रोड्यूसर एकत्र टीम करून गेम पूर्ण करतात. ज्या एमएफएत दोन वर्षं एकट्यानं प्रबंधासारखा प्रकल्प करायचा असतो, ती तुझ्या कामाची नाही. आलेलं प्रवेशपत्र यातलं कुठलं ते तू लिहिलं नाहीस. मागच्या दोन बॅचच्या आर्ट शाखेतले भारतीय विद्यार्थी आर्टस्टेशन (आर्टिस्टांची पोर्टफोलिओ साइट) आणि लिंक्डइनवर शोध, पाच-सहा जणांना मेसेज कर. "कसं आहे" असं विचारू नकोस. "तुमच्या बरोबरच्या किती जणांना वर्षभरात गेम स्टुडिओत आर्टची नोकरी लागली, आणि ते आज तिथेच आहेत का" असं विचार. विद्यापीठ रोजगाराचे जे आकडे देतं त्यात कॉफीच्या दुकानातली नोकरीही धरलेली असू शकते, म्हणून माणसांना विचार.

घरात आणखी एक आवाज उठेल: एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) कर, चित्रकलेचा शिक्षक हो, पगार पक्का. त्यात कमीपणा काही नाही, पण तुझ्या प्रश्नात त्याचं नावही नव्हतं, म्हणून मी त्यात जात नाही. नानांना एवढंच सांग की मी जाणं रद्द केलेलं नाही, एक वर्ष आणि तीन लाख मागतोय, आणि वर्षाच्या शेवटी काय दिसलं तर काय करायचं ते आज लिहून ठेवतोय. लिहून ठेव खरंच. पुण्या-बंगळुरात अर्ज केल्यावर आर्ट टेस्ट यायला लागल्या, तर हात बसतोय, नोकरी धर, मास्टर्सचा विचार दोन-तीन वर्षांनी कर. टेस्ट येतात पण पास होत नाहीस, तर आणखी सहा महिने आणि दुसरा सीन. नोकरी लागूनही तुझं मन टेक्निकल आर्टकडे किंवा शिकवण्याकडे ओढ घेत असेल, तर मास्टर्स, आणि तेव्हा मी स्वतः तुला शिफारसपत्र देईन. आणि वर्षभर रोज बसून काम करायचा कंटाळाच आला, तर तेही तीन लाखांत कळलेलं बरं.

या आठवड्यात दोन कामं कर. विद्यापीठाला ईमेल, आणि मोजपट्टी घेऊन शेडवर. खांबांतलं अंतर, टाकीची उंची, कॅरेटची तिन्ही मापं, पत्र्याचा उतार, सगळं सेंटिमीटरमध्ये लिहून घे. माल भरणं चालू असताना एकदा आणि शेड रिकामं असताना एकदा, असे दोन्ही वेळचे फोटो काढ, सकाळी आठचे आणि दुपारी एकचे. मग नुसत्या राखाडी ठोकळ्यांनी मापात शेड उभं कर, टेक्स्चर अजिबात लावू नकोस, आणि माणसाच्या उंचीवर कॅमेरा ठेवून काढलेला स्क्रीनशॉट मला पाठव. मापं चुकलेली असतील तर तिथेच दुरुस्त करू.